दुसरी फाईल खोडू का?

अमरावती
३ नोव्हेंबर २००६

आदरणीय फुरकानभाई यांस,
तुबाचा सलाम.

दिवाळीच्या सुट्टीत एक खरं पत्र लिहून खऱ्या पेटीत टाका, असं आमच्या बाईंनी सांगितलं आहे. सगळ्या मुली आपापल्या मामाला लिहून राहिल्या. माझे मामू याच गल्लीत राहतात, म्हणून मी तुम्हाला लिहिते. शिवाय तुमच्याकडे काम आहे.

जेद्दाहच्या चाचांनी पाठवलेला हातात धरून खेळायचा टेनिसचा गेम तुम्हाला आठवत असेल. त्यात दोनच खेळ साठवता येतात, दोनच फाईल बसतात. पहिली माझी. दुसरी तुमची आणि आपाची. शेजारच्या तहरीमलाही आता खेळायचं आहे. तिला मी माझ्या फाईलमध्ये खेळू देणार नाही, ती सगळे पॉइंट वाया घालवते. म्हणून दुसरी फाईल खोडू का? आपाला विचारलं तर ती म्हणाली, "फुरकानला विचार." म्हणून विचारते.

दुसरं काम. माझा खेळाडू अकादमीत जुळ्या भावांपाशी अडकला आहे. डबल्समध्ये ते मला रोज हरवतात. तुम्ही त्यांना कसं हरवलं होतं?

पत्र मराठीत लिहिते आहे कारण माझी शाळा मराठी आहे. अब्बूंना मराठी दुकानाच्या पाटीपुरती येते. तुमचं पत्र आलं तर ते विचारतील काय लिहिलंय. मी गेमचं गेमचं वाचून दाखवीन.

तुमची सुट्टी कधी संपते?

आपली,
तुबा, इयत्ता सहावी, अ तुकडी


जुने शहर, अकोला
८ नोव्हेंबर २००६

तुबा,

दुसरी फाईल खोडायची नाही. तिला हात लावायचा नाही. तहरीमला म्हणावं, दुसरा गेम आण.

हे रागावून लिहिलं असं समजू नको. आता नीट लिहितो.

तू तेव्हा चौथीत होतीस. मी रविवारी होस्टेलवरून तुमच्याकडे जेवायला यायचो. त्या गेमच्या पडद्याला उजेड नाही, म्हणून दारात उन्हात बसूनच खेळावं लागायचं, आणि पडदा एवढासा, म्हणून दोन डोकी जवळ आणल्याशिवाय दोघांना दिसायचा नाही. तुझी अम्मी, माझ्या मामीजान, आधी तपासायला आल्या होत्या की यात कोणी कोणाला मारतं का. तुझ्या आपाने त्यांना समजावलं, की यात एक मुलगा बसमधून उतरतो, टेनिसच्या शाळेत राहतो, सगळ्यांशी बोलतो, सराव करतो, एवढंच. हरला तरी काही होत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा वाजते आणि तो परत उठतो. मामीजान म्हणाल्या, असा खेळ असेल तर खेळा.

खेळाडूचं नाव विचारलं तेव्हा मी माझं टाकलं. इंग्रजीत पाचच अक्षरं बसत होती, माझ्या नावाची सहा. शेवटचं राहून गेलं. तेव्हापासून तुझी आपा मला फुर्का म्हणायची. जोडीदार मुलीला तिने आपलंच अर्धं नाव दिलं, गुल. ते बसलं.

आता मी विचारतो ते सांग. आपा "फुरकानला विचार" म्हणाली तेव्हा काय करत होती? हसून म्हणाली का? पहिल्या झटक्यात म्हणाली की थांबून? ती फाईल कधी उघडते का? तिच्या नकळत बघ आणि लिही.

जुळ्यांची युक्ती आहे माझ्याकडे. पुढच्या पत्रात.

इकडे बरं आहे. अब्बांच्या दुकानात बसतो. लोक म्हणतात यंदा खेड्यांत लग्नंच निघून नाही राहिली, रजया कोण भरणार. बार्शीटाकळीच्या बाजारात आम्ही सकाळी गाद्या उतरवतो आणि संध्याकाळी त्याच परत चढवतो. अब्बा सकाळी पेपर आणतात आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचं पहिलं पान बघतच नाहीत, मागून वाचायला सुरुवात करतात.

फुरकान


अमरावती
१७ नोव्हेंबर २००६

आदरणीय फुरकानभाई यांस,
सलाम.

आपा मेथी निवडत होती. हसली नाही. आधी काहीच बोलली नाही, मला वाटलं तिला ऐकू आलं नाही, म्हणून मी पुन्हा विचारलं. मग म्हणाली. मग तिने निवडलेली मेथी देठांत टाकली आणि सगळं परत निवडत बसली. अम्मी तिला रागावली.

ती फाईल उघडत नाही. उन्हाळ्यापासून गेम तिच्या हातात मी पाहिलाच नाही. उन्हाळ्यात तुमची परीक्षा होती तेव्हा ती रोज म्हणायची, आज याचा पेपर असेल, आज त्याचा. मग तुम्ही आलाच नाही.

तुम्ही सुट्टीवर नाही हे मला आता माहीत आहे. अब्बूंनी सांगितलं, की फुरकानने वर्कशॉपच्या सरांशी मारामारी केली, जर्नल नालीत फेकलं आणि कॉलेज सोडून अकोल्याला पळाला. अब्बू म्हणाले, "लडका दिल का अच्छा है, दिमाग का चूल्हा है." अम्मी हसली. आपा नाही हसली.

आमच्याकडे रविवारी वरूडचे पाहुणे आले होते. त्यांची संत्र्याची वखार आहे, तिथे संत्री खोक्यात भरून बाहेर पाठवतात. आम्हाला दोन खोकी आणली. त्यांच्यात एक वाहेद म्हणून होते, ते फार बोलत नाहीत. मी दारात गेम खेळत होते तर माझ्याजवळ बसले आणि विचारलं, यात कोण जिंकतं? मी म्हटलं, जुळे जिंकतात. त्यांनी संत्रं असं सोललं की साल एकदाही तुटली नाही, आणि अर्धं मला दिलं. आपाने हिरवा सूट घातला होता. नाश्ता ठेवून ती आत गेली.

तुम्ही जुळ्यांची युक्ती सांगितली नाही. मी तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. आता सांगा.

आपली,
तुबा


जुने शहर, अकोला
२२ नोव्हेंबर २००६

तुबा,

मारामारी नव्हती केली. तुले खरं काय ते सांगतो. माझं जर्नल बघून सर सगळ्यांसमोर म्हणाले, गादीवाल्याच्या पोरानं गाद्याच भराव्या, लोखंडाला काहून हात लावतो. पोरं हसली. मी जर्नल टेबलावर आपटलं. त्यांनी कॉलर धरली, मी हात झटकला, ते स्टुलावरून पडले. मग मला माफी लिहून दे म्हणाले. मी नाही दिली. परीक्षेच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. जर्नल नालीत टाकलं हे मात्र खरं आहे.

मामूंना वाटते तसा मी नाही. आणि तुझ्या आपाला तर माहीत आहे मी कसा आहे. तिला न सांगता आलो, कारण कोणत्या तोंडाने येणार होतो. ती म्हणाली होती, आधी पास हो, मग अम्मीला पाठव.

हे तू अब्बूंना वाचून दाखवू नको.

आता माझं एक काम कर. आपाला म्हण, फुरकानने सांगितलंय, दुसरी फाईल उघड आणि डबल्सची एक मॅच खेळ. जिंकली की गेम पॉइंट देतो आणि विचारतो, स्वतःला किती, जोडीदाराला किती. मी नेहमी सगळे फुर्काला द्यायचो. माझं म्हणणं, मी जोरात मारतो, तू फक्त उभी राहा. म्हणून गुल शेवटपर्यंत कच्ची राहिली आणि फायनलला आम्ही दर वेळी हरलो. आपा म्हणायची, मले पण दे ना थोडे. आता तिच्या हातात आहे. सगळे फुर्काला दिले तर मी समजेन की अजून तिची माझ्यावर मर्जी आहे, आणि पुढचं मी बघतो. नाही दिले तर तेही समजेन.

तिला एवढंच सांग. उत्तर आलं की जुळ्यांची युक्ती पाठवतो. आधी उत्तर, मग युक्ती.

वरूडवाले परत आले तर लिही.

फुरकान


अमरावती
२ डिसेंबर २००६

आदरणीय फुरकानभाई यांस,
सलाम.

सगळे पॉइंट फुर्काला दिले. तो आता बाराव्या लेव्हलचा आहे. गुलला एकही नाही.

आता युक्ती सांगा.

आपली,
तुबा


जुने शहर, अकोला
६ डिसेंबर २००६

माझी लाडकी तुबा,

तुझं पत्र मी दुकानात वाचलं आणि रुईच्या ढिगाऱ्यावर जाऊन पडलो. अब्बा म्हणाले, वेडा झाला काय. नाकात, कानात सगळीकडे कापूस. झालोच वेडा.

युक्ती घे. जुळ्यांतला लाल टोपीवाला जाळीला चिकटून उभा राहतो. त्याच्या डोक्यावरून उंच चेंडू मार, तो मागे पळत नाही. दुसरा दोघांचं पळून पळून थकतो. घाई करू नको. मी पहिल्यांदा घाईनेच हरलो होतो, जोरात मारायच्या नादात सगळे चेंडू बाहेर. जिंकलीस की पॉइंट जोडीदारालाही दे. माझ्यासारखं नको करू. आपा माझ्यापेक्षा हुशार होती.

आणखी एक. काल मी अम्मीला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, तुझ्या मामूच्या घरी जायला मला कशाची लाज, माझ्या मामाचा तो मुलगा. ती रविवारी येऊन राहिली आहे. मूर्तिजापूरला बस बदलून दुपारपर्यंत पोचेल. काहून येते ते तुला कळलंच असेल. कोणाला सांगू नको, मामूंना तिच्याच तोंडून ऐकू दे. मी सरांनाही माफी लिहून देणार आहे. खरंच देणार. उन्हाळ्यात परत परीक्षेला बसतो. आपाला एवढं कळू दे, पण गुपचूप.

दोन बॅटऱ्या पाठवतो आहे अम्मीसोबत. गेमसाठी.

तुझा,
फुर्का


जुने शहर, अकोला
१२ डिसेंबर २००६

तुबा,

अम्मी परवाच परत आली. काय झालं ते तू घरातच होतीस, तरी तुले सांगतो, कारण मोठे लोक बोलतात त्यातलं तुले कळत नाही.

अम्मी चप्पल काढून बसलीही नव्हती, तर मामू म्हणाले, "अरे बहन, तुम खुद आ गईं, मैं तो आदमी भेजने वाला था." गुलनारचा रिश्ता वरूडला पक्का झाला. बकरी ईद झाली की मोहरमच्या आधी निकाह. दोन गाद्या, दोन रजया, आणि रजया भाईजानच्याच, म्हणजे माझ्या अब्बांच्याच, हातच्या पाहिजेत, बाजारातल्या नको. खानदानाचं काम खानदानात. मामींनी आतून रजईचं कापड आणून तिच्या मांडीवर ठेवलं, अंजिरी रंगाचं. पसंत आहे का विचारलं.

माझी अम्मी काय म्हणेल? जे म्हणायला गेली होती ते तोंडात राहिलं. कापड पसंत आहे म्हणाली. चहा पिऊन, माप घेऊन, कापडाची घडी पिशवीत टाकून परत आली. बस स्टँडवरून घरापर्यंत तिने मला पिशवी धरू दिली नाही.

म्हणजे माझ्यासाठी मागायला गेली आणि दुसऱ्याच्या गादीची ऑर्डर घेऊन आली. हसा. सगळे हसा.

चहा घेऊन तुझी आपाच आली होती म्हणे. मान खाली. मले एवढंच विचारायचं आहे, की पॉइंट मले आणि मेहंदी त्याची, हे कसं? हे विचार तिले. खेळात मोठं मन दाखवते आणि खऱ्यात तोंडातून आवाज निघत नाही? नको होतो तर नको म्हणायचं होतं. मले चढवून काहून ठेवलं बाराव्या लेव्हलवर?

तिले हे पत्र दाखव. पूर्ण दाखव. आणि त्या संत्रेवाल्याले सांग, साल न तोडता सोलता येते म्हणून कोणी मोठा होत नाही.

मी तुले लिहिणार नाही आता.

फुरकान


अमरावती
१८ डिसेंबर २००६

फुरकानभाई,

मी तुम्हाला खोटं लिहिलं.

ती मॅच आपाने खेळली नाही. मी खेळले. मी आपाला तुमचा निरोप सांगितला होता. ती म्हणाली, "मी नाही खेळत. त्याला म्हण, जे विचारायचं ते माणसासारखं विचार." पण तुम्ही लिहिलं होतं आधी उत्तर, मग युक्ती. मला वाटलं, आपाचं उत्तर सांगितलं तर तुम्ही चिडाल आणि युक्ती सांगणार नाही. म्हणून मीच मॅच खेळले आणि पॉइंट फुर्काला दिले. तुम्हाला तेच पाहिजे होतं ना. मला काय माहीत फुफीजान, तुमच्या अम्मी, त्यामुळे येतील. मी समजले तुम्ही गेमचंच बोलून राहिले.

तुमचं रागाचं पत्र मी आपाला दाखवलं. आधीची पण दाखवली, सगळी. ती पलंगावर बसून वाचत होती. मी खूप रडले, ती नाही रडली. तिने मला मारलंही नाही. मग ती जे बोलली ते आपल्या घरच्या बोलीत बोलली, मी मराठीत लिहिते, काही चुकलं तर माझी चूक.

ती म्हणाली, "उन्हाळ्यात मी वाट पाहिली. मला वाटलं नापास झाला असेल, म्हणून तोंड लपवतो. नापास चालला असता. मग ईदला वाट पाहिली, अकोल्याहून सगळे आले, तो नाही आला. वरूडचे लोक आले तेव्हा अब्बूंनी मला विचारलं, बेटी, तुझ्या मनात काही आहे का. मी काय सांगणार होते? माझ्या मनात आहे तो न सांगता निघून गेला? मी विचार करायला आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत त्याचं पत्र आलं. तुझ्या नावाने. त्यात मी हसले का, काय करत होते, सगळं विचारलं होतं. मला काहीच विचारलं नव्हतं."

मी म्हटलं, आता सांग ना अब्बूंना. तर म्हणाली, आता मी हो म्हटलं आहे, आणि त्या माणसाने मला सरळ विचारलं होतं.

आपा नाश्ता ठेवत होती तेव्हा वाहेदभाईंनी अम्मीच्या समोर तिला विचारलं होतं, की तुमच्यावर कोणी जोर तर नाही करत? मी तिथेच होते. तेव्हाच लिहायला पाहिजे होतं, पण तुम्ही वरूडवाले परत आले तर लिही म्हटलं होतं आणि ते परत आले नव्हते, ते पहिल्याच वेळी विचारलं होतं.

तुमच्या युक्तीने मी जुळ्यांना हरवलं. मला अजिबात चांगलं नाही वाटलं.

माझ्यावर रागवा, आपावर नका रागवू.

तुबा


जुने शहर, अकोला
२८ डिसेंबर २००६

तुबा,

तुझी चूक नाही. अकरा वर्षांच्या मुलीला मी अट घातली, आणि मग तिने अट पुरी केली म्हणून तिच्यावर चिडलो. युक्ती मी पहिल्याच पत्रात सांगायला पाहिजे होती. तू मनातून काढून टाक.

मागच्या पत्रात वाहेदभाईंबद्दल जे लिहिलं ते कोणाला सांगितलं नसशील तर सांगू नको.

रजया तयार होत आल्या. अब्बांची कंबर धरली आहे, बसून टाके घालणं होत नाही. त्यांनी मला विचारलं नाही, मीच म्हटलं की मी भरतो. अम्मी म्हणाली, तू नको, दुसरा माणूस लावू. मी म्हटलं, मामूंनी घरच्या हातची मागितली आहे.

रुई चांगली घेतली आहे, लांब धाग्याची. दोनदा पिंजून घेतली. पिंजल्यावर कापूस इतका फुगतो की एवढ्याशा ढिगात केवढं लपलं होतं असं वाटतं. मग तो खोळीत पसरायचा, हाताने चाचपून सारखा करायचा, कुठे गोळा राहायला नको, नाहीतर थंडीत तिथेच टोचतो. वरूडला थंडी जास्त असते म्हणतात, संत्र्याच्या बागांमुळे. म्हणून थोडी जास्त भरली. मग टाके. अंजिरी कापडावर पांढरा दोरा. काठापासून आत आत जायचं, मधोमध संपवायचं.

आपाला काही सांगू नको. विचारायचं होतं ते मी विचारलं नाही, आता सांगायचं काय.

फुरकान


अमरावती
१५ जानेवारी २००७

आदरणीय फुरकानभाई यांस,
तुबाचा सलाम.

तुम्ही निकाहला आला नाही. फुफाजान आणि फुफीजान आले होते. रजया सगळ्यांनी हात लावून पाहिल्या. वरूडच्या बायका म्हणाल्या, असं काम आता मिळत नाही.

आपाने रजई गालाला लावली. मग टाक्यांवरून बोट फिरवलं आणि मला हळूच म्हणाली, "हे फुफांचे टाके नाहीत. फुफांचा हात सैल आहे. हे ओढून ओढून घातलेत." मी दुसरी रजई उचलायला लागले. तुम्ही सांगू नको म्हटलं होतं. ती म्हणाली, "रोज रात्री अंगावर घ्यायची, आणि इतके घट्ट." मग स्वतःच घडी घातली, कोणाला घालू दिली नाही.

निकाहच्या दिवशी सकाळी तिने माझ्याकडे गेम मागितला. मेहंदी सुकली होती. ती दारात उन्हात बसली, तुम्ही दोघं बसायचे तिथेच, आणि दुसरी फाईल उघडली. मला जवळ घेतलं. तिने फायनलची मॅच लावली. फुर्का बारा लेव्हलचा होता, म्हणून जोरात मारत होता, पण गुल कच्ची, तिच्याकडे चेंडू गेला की गेला. आपाने एक युक्ती केली. गुलला मागे उभं केलं आणि प्रत्येक चेंडू नुसता परत पाठवला, मारलाच नाही. समोरचे थकले. जिंकली. फुरकानभाई, फायनल जिंकली. फटाके उडतात त्यात, तुम्ही कधी पाहिले नाहीत.

मग गेमने विचारलं, पॉइंट कोणाला किती. आपा खूप वेळ बघत बसली. आतून अम्मी हाका मारत होती. मग तिने सगळे गुलला दिले. एकही फुर्काला नाही. म्हणाली, "हिला कधी काही मिळालंच नाही." आणि सेव्ह केलं.

दुपारी निकाहचे वकील आणि दोन साक्षीदार आत आले. वाहेदभाईंचं नाव, मेहरची रक्कम, सगळं सांगून विचारलं, कबूल आहे का. तीनदा विचारतात. पहिल्यांदा आपा काहीच बोलली नाही. सगळ्या बायका म्हणाल्या, लाजते. मी तिच्या शेजारी होते, तिचा हात माझ्या हातात होता. ती लाजत नव्हती. मग तिने हो म्हटलं. नंतरच्या दोन वेळा लवकर म्हटलं.

जीपमध्ये बसताना ती मला म्हणाली, "आता तहरीमसाठी परत विचार फुरकानला. मी माझ्यातर्फे हो म्हणते. पण त्याला विचारल्याशिवाय करू नको." म्हणून विचारते.

दुसरी फाईल खोडू का?

मी खोडायचं कसं ते बघून ठेवलं आहे, केलं नाही. गेम दोनदा विचारतो. नक्की का, आणि मग परत एकदा नक्की का. आपाला तीनदा विचारलं होतं.

तुम्ही नाही म्हणाला तरी चालेल. तहरीमला मी माझ्या फाईलमध्ये थोडं थोडं खेळू देईन.

आपली,
तुबा


जुने शहर, अकोला
२० जानेवारी २००७

प्रिय तुबा,
सलाम.

पत्र परवाच मिळालं. काल दिवसभर खिशात ठेवून फिरलो. मोर्णा नदीच्या पुलावर उभा राहून पुन्हा वाचलं. एका ओळखीच्या माणसाने विचारलं, कॉलेजचं पत्र आहे का. मी हो म्हटलं.

सरांना माफीचं लिहून टाकलं आहे. पाठवलं नाही अजून. लिहिताना राग येतो, पण कोणाचा ते आधीसारखं कळत नाही. पाठवीन बहुतेक. पास झालो तर कोणाला सांगायला जायचं, हा प्रश्न आहे, पण तो तुझा नाही.

फटाके उडतात हे मला माहीत नव्हतं. कोणत्या रंगाचे होते? पुढच्या वेळी लिही. आणि बरं झालं तिने गुलला दिले. मी दहा वेळा ती फायनल हरलो आणि दहाही वेळा मला वाटलं, मीच कमी पडलो, अजून जोर पाहिजे.

खोड.

अब्बू घरी नसताना कर, बॅटऱ्या नव्या घाल, गेम मध्येच बंद पडला तर दोन्ही फाईल जातील आणि तुझे जुळे परत जिवंत होतील. गेम पहिल्यांदा विचारतो तेव्हा खूण "नाही"वर असते. आपोआप काही होत नाही, तुला स्वतः ती "हो"वर न्यावी लागेल. दुसऱ्यांदा विचारतो तेव्हाही ती परत "नाही"वर गेलेली असते. तेव्हा वाटेल की आपलं चुकलं का. चुकलं नाही. परत ने. दाबायच्या आधी फुर्का आणि गुल दोघं तिथे उभे दिसतील, रॅकेट घेऊन, पाय हलवत. ते नेहमीच तसे हलत असतात, थांबलेले असले तरी. त्यांच्याकडे बघत बसू नको. मी असतो तर बसलो असतो, म्हणून सांगतो.

मग तहरीमला जवळ बसव. सुरुवातीपासून तिला शिकव, की जोडीदारालाही द्यायचं, पहिल्या मॅचपासून. आधी युक्ती सांग, मग काय मागायचं ते माग.

खेळाडूचं नाव विचारेल. तिचं नाव इंग्रजीत सहा अक्षरांचं आहे, शेवटचं बसणार नाही. ती रडली तर तिला सांग, माझंही बसलं नव्हतं.

तुझा,
फुरकान